बियाची खोली

ग्यानबातात्यांना निवांत बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. जेवायलासुद्धा एक गुडघा उभा ठेवूनच बसतात, म्हणजे उठायला सोपं. लग्नाला गेले तर तिकडं मंगलाष्टकं चालू आणि हे मंडपाचे खांब हलवून बघतायत. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. आमच्या साखरा गावात त्यांचं आणि माझं घर लागून आहे. माझी पिठाची गिरणी. गिरणीची भिंत आणि त्यांच्या मागच्या खोलीची भिंत यांच्यात जेमतेम एक बोळ उरलाय, मांजरसुद्धा त्यातून अंग चोरून जातं. त्यामुळं त्यांच्या घरातली भांडणं मला ऐकावी लागतात आणि माझ्या गिरणीचा पट्टा तुटला की माझ्या शिव्या त्यांना.

पंचक्रोशीत तात्यांचं नाव आहे ते एकाच गोष्टीसाठी, सोयाबीनच्या बियासाठी. पेरणी जवळ आली की लोक दुकानात जायच्या आधी त्यांच्या ओट्यावर येतात. बी न्यायचं आणि सुगीला तितकंच सोयाबीन आणून टाकायचं, असा त्यांचा साधा रिवाज. बियाचं वावर वेगळं, मळणी वेगळी. मळणीयंत्र जोरात फिरवलं तर यंत्रवाल्याच्या अंगावर धावून जातात, कारण दाण्याचं साल नाजूक, त्याला चीर गेली की ते उगवत नाही. कुणी पोतं आपटलं तर त्यांचा जीव वरखाली होतो.

"सोयाबीनचं बी म्हंजे बाळंतीण बाई हाय," ते म्हणायचे. "तिला आपटायचं न्हाई, दाबायचं न्हाई, अन् वल तर लागूच द्यायची न्हाई."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. आखाड लागायच्या आत घरात जायचं म्हणून गिलावा नीट वाळू दिला नाही, आणि त्यावर सगळीकडं चकचकीत ऑइलपेंट मारला. हात फिरवला तर घसरेल असा. द्वारकाबाई, म्हणजे तात्यांची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवरून हात फिरवायला लावायच्या. पुढची खोली उगवतीकडं, तिला दोन खिडक्या, सकाळी ऊन थेट आत येतं. मागच्या खोलीच्या पाठीला न्हाणी. तिला एकच खिडकी, तीही न्हाणीत उघडणारी. गवंडी बोळाकडं दुसरी खिडकी काढत होता, तर द्वारकाबाईंनीच नको म्हटलं, गिरणीचा भुस्सा येतो म्हणून. झालं, न्हाणीत बंबाचं पाणी उकळायला लागलं की वाफ सरळ खोलीत.

पहिल्या वर्षी तात्यांनी बी ह्याच मागच्या खोलीत ठेवलं. अंधारी, थंडगार खोली, त्यांना वाटलं बरं झालं. जूनमध्ये लोकांनी ते पेरलं आणि निम्म्याहून जास्त उगवलंच नाही. लोक चिडले, बोलले, बोलून मोकळे झाले. पण आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी भिकाबाई, एकटी बाई, थोडं कोरडवाहू रान, ती चिडली नाही. तिनं वावरातनं उकरून आणलेले ओंजळभर फुगलेले, कुजके दाणे ओट्यावर ठेवले, "तात्या, हे बघा," म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. ओटा आणि रस्ता, रस्ता आणि ओटा असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर करून टाकलं, "आता त्या खोलीत बी ठेवायचं न्हाई. भितीला वल हाय तिच्या."

मग पुढच्या सुगीला, म्हणजे गेल्या दिवाळीत, घरात अदलाबदल झाली. पुढच्या खोलीत बी आलं. खाली लाकडी फळ्या, त्यावर पोती, थप्पी उंच करायची नाही, आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागून वारा खेळला पाहिजे. दोन्ही खिडक्या दिवसभर उघड्या. पाहुणा आला तर त्याला पोत्यांच्या मधल्या खुर्चीवर अंग आक्रसून बसावं लागायचं. आणि पुढच्या खोलीतला पलंग गेला मागच्या खोलीत. त्या पलंगावर झोपणार कोण, तर मुलगा विश्वंभर, सून दिपा आणि त्यांची चार वर्षांची प्रतिक्षा.

ही पोर लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. तात्यांनी तिच्यासाठी काय काय केलं नाही! तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून वावरात खांद्यावर घेऊन फिरायचे. एका जागी न थांबणारा हा माणूस तिच्या बाहुलीचं लग्न लावायचं असलं की मुकाट मांडी घालून बसायचा. तिच्यासाठी जीव टाकणारा माणूस, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना भलतंसलतं म्हणाल.

दिवाळीच्या फराळाला मी गेलो होतो तेव्हा दिपानं माझ्यादेखत सासऱ्यांपुढं विषय काढला. "मामा, पोरीला घेऊन पुढं झोपू का? मागं लई वल मारतीया."

तात्या पोत्याचं तोंड शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "अन् बी कुठं ठिवू, डोक्यावर?"

मी हसलो. विश्वंभरही हसला. दिपा आत गेली आणि तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

थंडी पडली तशी द्वारकाबाईंनी न्हाणीकडची खिडकी चिंध्या कोंबून बंद केली. लेकराला गार वारा लागू नये, हा हेतू. पण न्हाणीच्या भिंतीतून झिरपणारं पाणी काही चिंध्यांनी थांबत नाही. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर काळपट डाग उमटला. ऑइलपेंटला फोड आले. द्वारकाबाईंनी तो ओल्या फडक्यानं पुसला, चार दिवसांत परत आला. मग त्यांनी एक युक्ती केली. पोरीच्या तिसऱ्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स घरात गुंडाळून ठेवलेला होता, तो त्यांनी डागावर खिळे ठोकून ताणून लावला. डोक्यावर मुकुट घातलेली प्रतिक्षा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सेनगाव-हिंगोली मार्गावरच्या सगळ्या जीपवाल्यांचे फोटो, कारण विश्वंभर स्वतः जीप चालवतो. खोली एकदम सणासारखी दिसायला लागली.

आणि पोर खोकायला लागली.

आधी नुसत्या शिंका. मग कोरडा खोकला. मग छातीत घरघर. मी सकाळी गिरणी उघडायला गेलो की भिंतीपलीकडून ते ऐकू यायचं. श्वास घेताना पोरीच्या बरगड्यांमध्ये खळगे पडायचे, आणि ती रडायची नाही, कारण रडायला लागतो तेवढा दम तिच्याजवळ नसायचा. मला मूल आहे, नातवंडं आहेत. माझ्याच्यानं ते बघवायचं नाही, खोटं कशाला बोलू.

हिंगोलीला लेकरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी वाफ दिली, तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि विचारलं, घरात कुठं ओल आहे का, भिंतीला बुरशी आलीय का? विश्वंभरनं मला नंतर सांगितलं की तो काही म्हणायच्या आत त्याची आईच पुढं झाली. "नवं घर हाय, साहेब. स्लॅबचं. ऑइलपेंट हाय." डॉक्टरांनी मान हलवली. दिपा तिथंच उभी होती. सासू बोलल्यावर ती काय बोलणार?

पंपाला गावात फार वाईट नाव. एकदा लागला की जन्माचा लागला, असं जो तो येऊन सांगून जायचा. त्यामुळं तो अगदीच जीव घाबरा झाला तर द्यायचा, असं ठरलं. आणि दोष शोधायचं काम सुरू झालं. पहिल्यांदा बोरं बंद. मग पेरू बंद, दही बंद, डोक्याला तेल लावणं बंद. नजर काढून झाली. तात्या तर सैरभैर झाले होते. सकाळी जवळच्या गोरेगावला जायचे, कुणी काढा सांगितला तो आणायचे, दुपारी वावरात जायचे, खुरपं हातात घेऊन परत यायचे, पोरीच्या छातीला कान लावायचे आणि पुन्हा बाहेर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. पण कळसा कुठं आहे हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

असं फिरता फिरता एक दिवस ते माझ्यावर येऊन आदळले.

"बापू, तुझ्या गिरणीच्या भुश्श्यानं माझं लेकरू मरायला लागलंय!"

भर गिऱ्हाइकात. मी पण काही साधुसंत नाही. म्हटलं, "तात्या, गिरणी वीस वर्षांपासून हितं हाय. तुमचा विश्वंभर हिच्या पिठात लोळून मोठा झाला, त्याला कवा झालं न्हाई ते!"

"त्याचं मला सांगू नको. गिरणी बंद कर."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पण त्याच वेळी पलीकडून पोरीचा खोकला आला. मी गिरणी बंद ठेवली. आठवडाभर गाव दळणाचे डबे घेऊन दुसरीकडं गेलं आणि जाता-येता मला बोलून घेतलं. माझी बायको तर म्हणाली की चोर सोडून संन्याशाला फाशी. खोकला काही कमी झाला नाही. मग एका सकाळी तात्या दारात आले, दाराची कडी वाजवत उभे राहिले. "चालू कर गिरणी," म्हणाले आणि गेले. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत.

संक्रांतीला दिपा पोरीला घेऊन माहेरी डोंगरकडा गावी गेली. तिथं चार दिवसांत घरघर थांबली. पोर अंगणात पळायला लागली, ऊस खायला लागली. तात्या रोज फोन लावून तिला हसायला लावायचे आणि ऐकायचे. परत आली, आणि दुसऱ्याच पहाटे मला भिंतीपलीकडून तोच आवाज आला.

आता पोर घरात राहते की जाते, एवढाच प्रश्न होता. दिपाच्या भावाचा निरोप आला, या नाही, पुढच्या रविवारी येतो, बहिणीला आणि भाचीला घेऊन जातो. पोर तिकडंच राहील, अंगणवाडी तिकडंच, शाळाही तिकडंच. "हे लेकरू तुमच्या घरात जगायचं न्हाई," असं तो विश्वंभरला फोनवर म्हणाला. विश्वंभर ऐकून घेत राहिला. नऊ वर्षं वाट बघून आलेली पोर घरातून जाणार, आणि का जाणार हे आम्हाला कळत नव्हतं. द्वारकाबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं. तात्या रडले नाहीत, ते ओट्यावरून उतरायचे आणि चढायचे.

ज्याचं मन थाऱ्यावर नसतं तो आपल्या ठरलेल्या कामाकडं वळतो. लोक उगवणीची परीक्षा उन्हाळ्यात करतात. तात्यांनी ती त्याच दिवसांत काढली. गोणपाट भिजवायचं, त्यावर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचं. सगळी पोती पुढच्या खोलीत होती, फक्त एक, जागा पुरली नाही म्हणून, कुणीतरी मागच्या खोलीत पलंगाखाली सरकवलेलं त्यांना आता सापडलं. त्याचीही वेगळी गुंडाळी केली.

गुंडाळ्या उघडायच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. ओट्यावर ऊन आलं होतं. पुढच्या खोलीतल्या बियाची गुंडाळी सोडली, तर ओळीच्या ओळी पांढरे मोड. तात्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी दुसरी सोडली. भपकन वास आला. दाण्यांवर राखाडी लव आली होती, एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. मोड इथं एक, तिथं एक.

तात्या भडकले. "बघ, बापू! दिवाळीपासून पलंगाखाली हुतं, अन् मेलं बी. आरं त्या खोलीत बी जगत न्हाई! म्या सांगितलं हुतं, तितं पोतं ठिवू नका म्हणून. कुणी ठिवलं?"

दिपा दारात उभी होती. पोर कडेवर, मान तिच्या खांद्यावर टाकलेली, तोंड उघडं. दिपाचा आवाज चढला नाही.

"मामा," ती म्हणाली, "बी जगत न्हाई त्या खोलीत, मंग लेकरू कसं जगंल? पोत्याला भितीची वल लागू नये म्हणून तुमी हातभर लांब ठिवता. हे लेकरू त्याच भितीला टेकून झोपतंय, दिवाळीपासून."

मला माझं दिवाळीतलं हसू आठवलं आणि मान वर करवेना. तात्या उठले आणि आत गेले. त्यांच्या मागं मी. त्यांनी पलंगावर चढून तो फ्लेक्स एका हिसक्यात ओढला, खिळे उडाले. मागची भिंत डोक्यापासून कमरेपर्यंत काळी होती. रंगाचे पापुद्रे लोंबत होते आणि मधे मधे ओलसर बुरशीचे पुंजके. पोरीची उशी जिथं असायची तिथं तर बोट लावलं की काळं बोट. तात्यांनी भिंतीला नाक लावलं. बियाच्या पोत्यात नाक घालून वास घेणारा माणूस तो. मग ते पलंगाच्या काठावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मला त्यांची भीती वाटायला लागली. द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, "अवं, काहून असं करून राहिले तुमी?"

"बी काढा," तात्या म्हणाले.

"कुठं काढायचं?"

"कुठंबी काढा."

त्या दिवशी गल्लीतल्या लोकांनी तात्यांना पोती आपटताना पाहिलं. मी, विश्वंभर आणि तात्या, तिघांनी मिळून पुढची खोली रिकामी केली. जो समोर दिसेल त्याला हाक मारून म्हणायचे, घेऊन जा, तुझ्या घरी ठिव, उगवंल न्हाई उगवंल मला इचारू नको. भिकाबाईला बोलावून पहिलं पोतं तिच्या घरी पोचवलं. ती म्हणाली, "तात्या, माझ्या घरात कुठं जागा हाय एवढी?" तर म्हणाले, "हाय त्यात ठिव माय." उरलेली चार पोती मागच्या खोलीत गेली. त्यातलं बी पावसाळ्यापर्यंत टिकायचं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

संध्याकाळच्या आत पलंग पुढच्या खोलीत आला. द्वारकाबाई खिडक्या लावायला गेल्या, गार वारं येतंय म्हणून. तात्या त्यांच्यावर असे खेकसले की मी पण दचकलो. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. न्हाणीकडची खिडकी विटांनी बुजवली, बोळाकडं नवी पाडली. माझ्या भुश्श्याचं धुराडं मी रस्त्याकडं वळवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोर एका रात्रीत बरी झाली असं मी म्हणणार नाही. तसं होत नसतं. पण तिसऱ्या-चौथ्या सकाळी मी गिरणी उघडली तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीच्या उघड्या खिडक्यांतूनसुद्धा खोकला येत नव्हता, आणि मी पट्टा चढवायचा सोडून कितीतरी वेळ नुसता ऐकत उभा राहिलो. रविवार मात्र जवळ येत होता. दिपानं भावाला अजून काही कळवलं नव्हतं. बॅग भरलेली तशीच होती, आणि तात्या त्या बॅगेच्या आजूबाजूनं पाय चुकवत फिरत होते.

शुक्रवारी विश्वंभरच्या जीपमध्ये सगळे हिंगोलीला निघाले. मला पट्टा आणायचा होता, मीही चढलो. डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली. आधीपेक्षा बरीच मोकळी आहे, म्हणाले. पंप सांगतील तितके दिवस द्यायचा, घाबरून बंद करायचा नाही, हेही बजावलं. मग विचारलं, काय बदल केला? विश्वंभरनं खोलीचं सगळं सांगितलं. भिंत, न्हाणी, फ्लेक्स.

ऐकता ऐकता डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या आल्या. ते दिपाकडं वळले. "मी तेव्हाच विचारलं होतं ना? एवढी बुरशी लेकराच्या डोक्याशी, आणि तुम्ही गप्प? आई ना तुम्ही? आईला कळायला नको?"

दिपानं पदर तोंडाला लावला. विश्वंभर जमिनीकडं बघत राहिला, द्वारकाबाई छताकडं. मी तर तिथं नसल्यासारखाच उभा होतो. तात्या कोपऱ्यात स्टुलाला टेकून होते, ते पुढं आले.

"तिला बोलू नका, साहेब," ते म्हणाले. "तिला कळलं हुतं. तिनं मला दिवाळीतच सांगितलं, लेकराला पुढं झोपवते म्हणून. पुढच्या खोलीत म्या बी ठिवलं हुतं. म्या ऐकलं न्हाई तिचं. बी वाचावं म्हणून लेकरू म्या तितं घातलं, साहेब. म्या घातलं."

डॉक्टरांनी कागद पुढं ओढून औषध लिहायला घेतलं.

आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर जीप उभी होती. तात्या आत बसायला तयार नव्हते, दाराला धरून उभे होते. दिपानं पोरीला त्यांच्या हातात दिलं, पिशवीतून फोन काढला, थोडी बाजूला गेली आणि भावाला लावला.

"दादा," ती म्हणाली, "रविवारी येऊ नको. आमी हितंच राहतो."